वहीत चुकवून लिहिलेलं तळं

सासऱ्यांनी तक्ता पाठ केला आहे, हे तिला त्या दिवशी तिसऱ्या ओळीला कळलं. आदल्याच आठवड्यात तिने दुकानातला डोळे तपासायचा जुना तक्ता काढून नवा लावला होता, आणि सासरे खुर्चीत ताठ बसून, उजवा डोळा तळहाताने झाकून, जुन्या तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हणत होते.

"बाबा, तिथे 'ग' नाहीये."

"मग तुझा तक्ता चुकलाय."

बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलेल्या बाईला असं सांगायला धाडस लागतं, आणि सासऱ्यांकडे ते पोत्याने होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, समोरून येणारा माणूस ते चालीवरून ओळखायचे, पण ऑपरेशनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं : "बघू, थंडी संपू दे." तिने काचांची पेटी आदळून बंद केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

आता कोणाला वाटेल, म्हातारा जन्माचा थापाड्या असणार. तसं मुळीच नाही. सासरे चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात होते. बांध वीतभर सरकला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की मापाच्या बाबतीत ते स्वतःच्या बापाचंही ऐकले नसते. सगळं गाव त्यांना 'मोजणीदार' म्हणायचं, आणि मोजणीदाराने खुंटी ठोकली की भांडण मिटलं असं समजायचं. घरातही तेच. भिंतीवरची तसबीर वाकडी असली तर त्यांना जेवण जात नसे.

त्यांचं खोटं फक्त एका जागी होतं, आणि ते मासेमारीच्या बाबतीत. वर डोंगरात लहानमोठी चाळीसेक तळी. बर्फ वितळलं की गावातले शौकीन काठ्या घेऊन चढायचे, आणि त्यांच्यात एक कायदा होता. ज्याला तळं सापडलं त्याचं ते. ते त्याने कोणाला सांगायचं नाही, आणि विचारलं तर दुसऱ्याच तळ्याचा पत्ता द्यायचा. विचारणं वाईट समजलं जायचं आणि विचारायचे सगळेच. किती मासे मिळाले यात खोटं बोलणं हा शौक, पण कुठे मिळाले यात खोटं बोलणं हे कर्तव्य, असं सासरे म्हणायचे, आणि कर्तव्यात त्यांनी आयुष्यात कसूर केली नव्हती.

त्यांची एक वही होती, काळ्या पुठ्ठ्याची. त्यात सगळ्या तळ्यांच्या वाटा, दिशा, ओढे, खिंडी, पाण्याची खोली, वारा कधी कुठून सुटतो, सगळं बारीक अक्षरात. आणि सगळं खोटं. वही कोणाच्या हाती लागली तर काय घ्या, म्हणून त्यांनी ईशान्य असेल तिथे वायव्य लिहिलं होतं, दोन ओढे असतील तिथे तीन. अर्थात नियमाने. मोजणीदार माणूस, खोटंही मापात. फक्त नियम मधल्या काळात दोनदा बदलला होता, कारण दोनदा त्यांना संशय आला की आपली बायको वही वाचते. सासूबाईंना त्या वहीत शून्य रस होता. त्या बिचाऱ्या गेल्या, नियमही विसरला गेला, आणि उरली वही.

हे एरवी कोणाच्या डोक्याला ताप झालं नसतं. पण पोस्टमास्तर गाव सोडून चालले होते.

पोस्टमास्तर म्हणजे सासऱ्यांचा पन्नास वर्षांचा मित्र. त्यांची छाती आता या उंचीला टिकत नव्हती. नाकाला नळी लागली होती, आणि त्यांची मुलगी त्यांना समुद्राकाठच्या शहरात, तिच्या घरी कायमचं नेणार होती. निघायचा सोमवार ठरला होता. तो ठरला त्या दिवशी सासरे दुकानात आले, गिऱ्हाईक असताना आत शिरले, आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "सूनबाई, मला त्याला एक खरं सांगायचंय."

गोष्ट अशी होती. एकतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी एक ट्राउट मासा आणला होता, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. तसा मासा गावात आधीही कोणी आणला नव्हता आणि नंतरही नाही. पोस्टमास्तरांनी विचारलं, कुठे मिळाला? सासऱ्यांनी सांगितलं, काळ्या कड्याखालच्या तळ्यात. काळ्या कड्याखालच्या तळ्यात बोटभर पिल्लांपलीकडे काही नव्हतं. पण पोस्टमास्तर दर उन्हाळ्यात तिथे जायचे, दिवसभर बसायचे, आणि बोटभर मासे आणून दाखवायचे. सासरे बघून हळहळायचे आणि घरी येऊन पोट धरून हसायचे.

"मग आता सांगून टाका की," ती म्हणाली.

"रिकाम्या हाताने? त्या तळ्यातला मासा पुढ्यात ठेवीन आणि मग सांगीन. तो इथून फसलेला जाता कामा नये."

"आणि तळं कुठे आहे?"

सासऱ्यांनी काउंटरवरची काच बोटाने पुसली. बराच वेळ पुसली.

"वहीत आहे," ते म्हणाले.

नवरा घाटातल्या दुसऱ्याच वळणाला पिशवी मागणारा, त्यामुळे गाडी हिच्या गळ्यात. दुकानाला सुट्टी एकच, रविवारची. सोमवार यायला चार रविवार होते, आणि त्यातले तीन कसे गेले ते तिलाच माहीत.

पहिल्या रविवारी निघतानाच वाजलं. "फोन बंद कर," सासरे म्हणाले. "त्यात ठिकाण नोंदलं जातं." मग प्रत्येक फाट्यावर ते फाटा मागे गेल्यावर सांगायचे, "इथे डावीकडे होतं." आधी सांगितलं तर हिला रस्ता कळेल ना! गाडी चालवतेय तिच्यापासून रस्ता लपवणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. चार तास चढून ते एका खोलगट जागी पोचले. तिथे मेंढ्या होत्या. पाणी नव्हतं, आणि मेंढ्यांकडे बघता कित्येक वर्षं नसावं.

दुसऱ्या रविवारी तळं सापडलं. त्यात बेडूक होते.

तिसऱ्या रविवारी वहीतली वाट उलटी धरून बघायचं ठरलं. तीन खिंडी, दोन ओढे, एक घसरडा उतार, आणि शेवटच्या टेकाडावरून खाली पाहिलं तर तिला तिचीच गाडी दिसली. सकाळी लावली होती तिथेच, पलीकडच्या बाजूने. ती दगडावर बसली आणि तिला हसावं की रडावं कळेना. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "म्हणजे हा नियम नव्हता."

"बाबा, तुम्ही बारा-तेरा वेळा गेलात ना त्या तळ्यावर? डोळे मिटून सापडायला हवं."

"वाट जुन्या पुलापासून होती. पूल वाहून गेला. सोळा वर्षांत मी वर आलो नाही, गुडघ्यांमुळे. आणि हा नवा रस्ता डोंगराच्या पाठीमागून काढलाय गाढवांनी. सगळं उलटं दिसतं."

"उलटं नाही दिसत. दिसतच नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तुमच्या."

"थंडी संपू दे," सासरे म्हणाले.

दर रविवारी परतताना आणखी एक पीडा उभी असायची. पोस्टमास्तर राहायचे त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बेकरी होती, चष्म्याच्या दुकानाच्या समोरच. बेकरीवाला गावातला सगळ्यात मोठा मासेवेडा आणि सगळ्यात मोठा नाकखुपश्या. ह्यांच्या बुटांचा चिखल बघून तो विचारायचा, "लाल माती? म्हणजे पूर्वेला गेला होतात तर." दुष्काळात तेरावा महिना. सासरे त्याला थांबून, सविस्तर, ओढ्यांसकट खोटा पत्ता द्यायचे, आणि खरं तळं सापडत नसल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

शेवटच्या रविवारच्या आधी, गुरुवारी, ती पोस्टमास्तरांकडे गेली. त्यांचा वाचायचा चष्मा तयार होता, तो द्यायचा होता. बेकरीवरचाच दुसरा मजला. खोलीत खोकी बांधून ठेवलेली, कोपऱ्यात हवेचं मशीन घुरघुरत होतं, आणि भिंतीला जुन्या पोस्टातलं पत्रं लावायचं कप्प्यांचं लाकडी कपाट. पोस्ट नव्या जागी गेलं तेव्हा ते त्यांनी मागून घेतलं होतं. प्रत्येक कप्प्यात गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या, रंगाप्रमाणे, आणि प्रत्येकावर चिठ्ठी.

तिने चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, दांडी जरा वाकवली, पुन्हा बसवला. नाकाच्या नळीमुळे तो नीट टेकत नव्हता.

"रविवारी कुठे जाता गं तुम्ही दोघं?" त्यांनी विचारलं.

"हवा खायला."

"तीन रविवार हवा खाताय, तरी तुझा चेहरा उपाशीच." त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "सापडलं नाही ना त्याला?"

"काय?"

"त्याचं तळं."

ती एका खोक्यावर बसली. आत बहुधा कपबश्या होत्या, कारण काहीतरी किणकिणलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"पोरी, पाकिटावर नुसतं 'मामास मिळो' लिहिलेली पत्रं मी मामाला पोचवलीत. आणि हा माझ्यापासून पत्ता लपवतो? तो मासा आणला त्याच्या पुढच्या महिन्यात मी त्याच्या मागोमाग गेलो. तो पुढे, मी एक टेकाड मागे. सगळं बघून आलो." त्यांना धाप लागली. ते थांबले, मशीनकडे हात करून तिलाही थांबायला सांगितलं, मग पुढे बोलले. "नव्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीचं वळण आहे ना? तिथून मेंढ्यांची वाट वर जाते. दीड तास. तुझ्या सासऱ्याला अडीच धर."

पाण्याची टाकी! तिन्ही रविवारी त्या टाकीपाशी गाडी थांबवून त्यांनी बाटल्या भरल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला सासऱ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त समोर बसलेल्या या हसऱ्या म्हाताऱ्याचा आला.

"मग एवढी वर्षं काळ्या कड्याखाली कशाला जात होता तुम्ही?"

"मासे आणायला. बोटभर. त्याला दाखवायला. तो इतका खूश व्हायचा गं! हसू दाबायचा तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे."

"आणि त्याच्या तळ्यात?"

"गळ कधी टाकला नाही. तळं त्याचं आहे." हे त्यांनी असं सांगितलं की त्यात सांगण्यासारखं काही नाही. "हे बघ, त्याला यातलं काही कळता कामा नये. आयुष्यात त्याने एवढी एकच मोठी थाप मारली. म्हातारपणी ती त्याच्याकडून काढून घ्यायची नसते. शब्द दे."

"मला तुम्हा दोघांचा वैताग आलाय," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. आणि शब्द दिला.

आता इकडे आड, तिकडे विहीर. तळं कुठे आहे हे ठाऊक, आणि ते सासऱ्यांना सांगायची चोरी. पण सून होऊन तिला चोवीस वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांना एखादी गोष्ट करायला लावायची तर ती करू नका म्हणून सांगावं लागतं, एवढं ती पहिल्या वर्षातच शिकली होती. रविवारी टाकीच्या वळणावर तिने बाटल्या भरल्या आणि गाडीकडे वळत म्हणाली, "ही मेंढ्यांची वाट कुठे जाते कोण जाणे. इथे मात्र नको हं बाबा. इथे तळं असणं शक्यच नाही."

सासरे थांबले. काठीने वाट टोकरली. वही उघडली, नाकाला लावली, मिटली.

"का शक्य नाही?"

"चढ बघा ना."

"चढाचा आणि पाण्याचा काय संबंध? तुला त्यातलं काय कळतं?" आणि ते चालायला लागले.

अडीच नाही, तीन तास लागले. ते दर वीस पावलांनी थांबायचे आणि थांबलो नाही, दिशा बघतोय, असं दाखवायचे. तिने पाठीवर दोघांचं सामान घेतलं होतं, आणि मनात जे जे येत होतं ते तिने दगडांना ऐकवलं. शेवटच्या चढाला तिने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, तेव्हा ती जराशी घाबरली.

मग वर वारा लागला, आणि खाली तळं होतं.

लहानसं. हिरवट, गार, तिन्ही बाजूंनी दगडांच्या घसरणी, एका कडेला अजून बर्फाचा मळका तुकडा. सासऱ्यांना ते नीट दिसत नव्हतं हे तिला कळत होतं. पण ते उभे राहिले, गालावर वारा घेतला, आणि म्हणाले, "पश्चिमेचा. दुपारनंतर पश्चिमेचा सुटतो इथे. हेच." आणि मग, तिच्याकडे वळून, "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

त्यांनी काही म्हटलं नव्हतं.

काठाजवळ दगडांची कमरेएवढी भिंत होती, अर्ध्या चंद्रासारखी, वाऱ्याला आडोसा म्हणून. ही त्यांनीच पहिल्या वर्षी रचली होती, ते म्हणाले. ती भिंतीआड सामान सोडत होती, तोवर ते भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेले. विती मोजल्या. वरचा एक दगड उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, उलटा करून पाहिला आणि परत होता तसा ठेवला. मग दुसरा.

"छान टिकलीय हो," ती म्हणाली.

"हं," सासरे म्हणाले.

दमलेत, असं तिने धरलं. त्यांना दोऱ्यात माशी ओवता येईना. दोरा गळाच्या डोळ्याच्या शेजारून जात राहिला. चार वेळा झालं, तेव्हा तिने त्यांच्या हातातून घेतलं आणि एका झटक्यात ओवलं. चष्म्यांचे कणाएवढे स्क्रू बसवणारी बोटं तिची. या वेळी ते "तुझा दोरा चुकलाय" असं म्हणाले नाहीत. गळ मात्र त्यांनी असा फेकला की तिला क्षणभर तो मोजणीदार दिसला, तिने कधी न पाहिलेला, चाळिशीतला. दुपार कलता कलता एक मासा लागला. एकतीस वर्षांपूर्वीचा नव्हे, त्याच्या निम्माही नव्हे, पण काळ्या कड्याखालचा नक्की नव्हे. तिला इतका आनंद झाला की ती ओरडली. सासरे मात्र गप्पच होते. मासा ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी तो स्वतःच्या पिशवीत घेतला, आणि परतीच्या वाटेवर एकदाही थांबले नाहीत.

संध्याकाळी पोस्टमास्तरांच्या खोलीत खोकी आणखी वाढली होती. सासऱ्यांनी फडकं सोडलं, मासा ताटात ठेवला आणि उभ्यानेच सांगून टाकलं. टाकीचं वळण, मेंढ्यांची वाट, तळं. काळ्या कड्याखालचं खोटं होतं. एकतीस वर्षं खोटं होतं.

पोस्टमास्तरांनी काय नाटक केलं! आधी डोळे विस्फारले. मग ताटावर हात आपटला. "हरामखोरा! एकतीस वर्षं! मी तिथे बोटभर मासे धरत बसलो आणि तू..." त्यांना खोकला आला, मुलगी आतून धावत आली, त्यांनी तिला हातानेच परत पाठवलं आणि पुन्हा शिव्या सुरू केल्या. सूनबाईकडे मात्र चुकूनही पाहिलं नाही. सासरे मान खाली घालून ऐकत होते. "माफ कर," ते म्हणाले. "जा रे," पोस्टमास्तर म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. तिला वाटलं, संपलं एकदाचं. जिना उतरताना तिच्या डोक्यात फक्त गरम पाणी आणि अंथरूण होतं.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा सासरे म्हणाले, "भिंत."

"कुठली भिंत?"

"वरची. माती नाही, सिमेंट नाही, नुसते एकावर एक दगड. चार महिने बर्फाखाली असते. मी जायचो तेव्हा दर वर्षी उभीच असायची. मला वाटायचं, काय रचलीय मी! नंतर सोळा वर्षं गेलो नाही. सोळा हिवाळे, सूनबाई. आणि आज ती नव्वद सेंटिमीटर. मी रचली होती साठ."

तिने गाडी हळू केली. शब्द दिला होता. "टिकतात काही काही भिंती."

"टिकतात. वाढत नाहीत. वरच्या थरात पांढऱ्या शिरांचे दगड आहेत. तो दगड त्या तळ्यावर नाही. त्या अख्ख्या डोंगरात तो एकाच ठिकाणी आहे. काळ्या कड्याखाली."

म्हणजे तो म्हातारा बोटभर मासे धरायचा, आणि मग एक दगड उचलून, दोन खिंडी ओलांडून, तिथे न्यायचा. हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

"दगड काय, कुठेही मिळतात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"खोटं बोलायचं तर मापात बोलावं." सासऱ्यांनी काचेबाहेर पाहिलं, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं. "सोळा पांढरे दगड असतील. मी मोजले नाहीत. मला मोजवेनात." मग म्हणाले, "दोघांना पुरलं असतं गं ते तळं. आरामात पुरलं असतं."

तिने गिअर बदलला.

"गाडी वळव."

"बाबा, तुमचे गुडघे बघा. दोन मजले आहेत. पहाटे निघायचंय त्यांना."

"वळव."

गल्ली अरुंद, मागून दुधाचा टेम्पो, आणि दिवसभराच्या चढाने तिचे पाय क्लचवर थरथरत होते. तिने त्यांना, पोस्टमास्तरांना, एकूण सगळ्या मासे धरणाऱ्या पुरुषजातीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि चार वेळा पुढेमागे करून गाडी वळवली. ते कठडा न धरता जिना चढून गेले. ती गाडीतच बसली. आता तिच्याने एक पायरी चढवली नसती.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. आधी सासऱ्यांचा आवाज आला, मशीनच्या घुरघुरीवरून ऐकू जावा म्हणून चढवलेला.

"बोलला का नाहीस, गाढवा?"

मग पोस्टमास्तर, तुटक तुटक, पण स्पष्ट.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

तिने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. तिला आता राग येत नव्हता, आणि रागाशिवाय काय करायचं हे तिला सुचेना.

"मगाशी सांगितलं ना मी?"

"मगाशी कबुली दिलीस. आता मित्राला सांगतात तसं सांग. सुरुवातीपासून. सगळी वाट."

आणि मोजणीदारांनी सांगायला सुरुवात केली. बहिऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, खऱ्या दिशांनी, खऱ्या आकड्यांनी. "टाकीच्या वळणावर गाडी सोडायची. मेंढ्यांच्या वाटेने सरळ वर, पहिला फाटा..."

तिने मान वर केली. खाली बेकरीचं दार उघडलं होतं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी पायरीवर उभा होता, मान वर, तोंड उघडं, आणि त्याचा उजवा हात खिशातली पेन्सिल चाचपत होता.

"...ओढा एकच. लक्षात ठेव, दोन नाहीत, एकच. ओलांडला की डावीकडे..."

तिने हॉर्नवर तळहात ठेवला आणि दाबला. गल्लीतले दिवे लागले, कुत्री भुंकायला लागली, बेकरीवाला दोन्ही हात हवेत करून काहीतरी ओरडत तिच्याकडे आला. तिने काच वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण तिने पुसलं नाही. वरच्या खिडकीत सासऱ्यांचे हात हलताना दिसत होते, डावीकडे, वर, मग खाली, तळ्याच्या आकाराचे. ते हात थांबेपर्यंत तिने हॉर्न सोडला नाही.